उसनी नात

बाबांनी माझी मुलगी माझ्याकडे उसनी मागितली, तेव्हा मी तिचे लंगोट घड्या घालून ठेवत होते.

"शनिवारी संध्याकाळी मोकळी आहे का गं ती?"

"कोण?"

"गुंडाबाई."

गुंडाबाई जेमतेम दहा महिन्यांच्या होत्या आणि त्या घटकेला स्वतःच्या पायातला मोजा दीड दातानं फाडायच्या खटपटीत होत्या. इतर काही कार्यक्रम दिसत नव्हता.

"शनिवारी तुमचं निरोपाचं व्याख्यान आहे ना, बाबा?"

"म्हणूनच तर. डाव्या हातावर घेऊन आत जाईन म्हणतो. मागच्या दारापासून व्यासपीठापर्यंत. तिथे पोचलो की तुझी तुला परत."

"ती काय छत्री आहे?"

बाबांनी मागे वळून पाहिलं, खोलीचं दार लोटलं आणि लंगोटांच्या ढिगावर बसले. ज्या माणसाचं पाठ्यपुस्तक वाचल्याशिवाय मेंदूच्या डॉक्टरांची एक अख्खी पिढी पास झाली नाही, तो माणूस चोरून बिस्किट खाल्लेल्या मुलासारखा माझ्याकडे बघत होता.

"आईला सांगायचं नाही," ते म्हणाले.

तसं मला अर्धं ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी त्यांना पॅसेजमध्ये पाहिलं होतं. आरशासमोरून ते एकटेच येत-जात होते आणि डावा हात मुद्दाम पुढेमागे हलवत होते. पण हात डावा, तर पायही डावाच पुढे! कळसूत्री बाहुली बरी. मला वाटलं, व्याख्यानाची काही नक्कल बसवताहेत. पेशंटच्या चालीच्या नकला बाबा फार छान करतात. त्यांचा धंदाच तो.

म्हणजे असं. बाबा न्यूरॉलॉजिस्ट. मेंदू, नसा आणि त्यांची सगळी भांडणं. पण ते नावाजले ते त्यांच्या बुधवारच्या तासामुळे. वर्गात समोर एक लाकडी खुर्ची. दार उघडतं, पेशंट आत येतो, चालत खुर्चीपर्यंत जातो आणि बसतो. तो बसायच्या आत विद्यार्थ्यांनी त्याचं काय बिघडलंय ते ओळखायचं. विचारायचं काही नाही. "तो काय सांगतो ते नंतर. आधी येतो कसा ते बघा," हे बाबांचं वाक्य. ह्याला सगळे 'चालीचा तास' म्हणत आणि बाबांना, त्यांच्या पाठीमागे, 'द्वारपाल'.

बाबाही काही कमी नव्हते. ते प्रत्येकाला चालीवरून नाव ठेवायचे. कॉलेजच्या डीनना 'बदक'. माझ्या नवऱ्याला, तो लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला त्याच दिवशी, 'उंट'. सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, जी आता त्यांच्याच जागी विभागप्रमुख होणार होती, ती 'टकटक', कारण तिच्या टाचा तिच्या आधी खोलीत पोचत. आणि आईला 'फौजदार'.

आई हाडांची डॉक्टर.

इथेच खरी मेख आहे. आमच्या घरात हाडं आणि नसा ह्यांचं वैर जेवणाच्या टेबलावर रोज उकरून काढलं जातं, आणि त्याची सुरुवात माझ्या जन्माच्या आधीची आहे. बाबा तेव्हा नवखे अधिव्याख्याते होते. त्यांच्याकडे एक घड्याळजी आला. वर्षभर हाडांच्या विभागात त्याचा खांदा शेकत होते. खांदा आखडलाय, म्हणे. बाबांनी त्याला दारातून येताना पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की हा चालताना एक हात हलवतच नाही. दुखणं खांद्याचं नव्हतंच. कंपवाताची सुरुवात होती. हात अजून कापायला लागला नव्हता इतकंच.

झालं. त्या दिवसापासून बाबा हाडांच्या ओपीडीच्या दारात उभे राहायला लागले. वही नाही, पेन नाही, नुसते खांब धरून उभे. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात बघायचे. शेवटी तिथली एक तरुण डॉक्टरीण वैतागून बाहेर आली.

"अहो, तुम्ही पेशंट आहात की पाकीटमार?"

"मी तुमच्या चुका मोजतोय," बाबा म्हणाले.

ती माझी आई. पुढे बाबांनी तिच्या डोळ्यांदेखत तिचे पेशंट पळवले, त्यांच्यावर तो गाजलेला निबंध लिहिला, आणि मग तिच्याशीच लग्न केलं. त्या निबंधाचा मथितार्थ एका ओळीत सांगता येईल: खांदा आखडलाय असं हाडांचे डॉक्टर म्हणाले, की आधी मेंदू तपासा. निबंधावरून पुस्तक झालं, पुस्तकावरून बाबा झाले. आणि आईला जन्मभर पुरेल एवढी टोचणी झाली.

"हाडं नसती तर तुमच्या त्या नसा जमिनीवर गुंता होऊन पडल्या असत्या," आई म्हणायची.

"गुंता निदान विचार तरी करतो," बाबा म्हणायचे.

तर तेच बाबा आता लंगोटांवर बसून मला सांगत होते, की त्यांचा डावा हात हलत नाही. खांदा दुखतो. पावलं लहान पडताहेत. चेहरा आरशात लाकडी दिसतो. आवाज बसलाय. झोप धड नाही. कॉफीचा वास येईनासा झालाय. "आणखी काय पुरावा हवा? माझंच तिसरं प्रकरण आहे. पान उघड आणि वाच."

माझ्या हातातला लंगोट तसाच राहिला. "कुणाला दाखवलंत?"

"कुणाला दाखवू? ह्या गावात मेंदूचा जो जो डॉक्टर आहे तो माझा विद्यार्थी आहे. माझ्या गुडघ्यावर हातोडी मारताना त्यांचेच गुडघे उडतील."

"आणि आई?"

"खांदा दुखतो म्हणून? तिच्याकडे?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अश्लील बोलले.

मग त्यांनी शनिवारचं सांगितलं. हॉलमध्ये त्यांचे सगळे विद्यार्थी येणार होते, लांबलांबून. म्हणजे चाल बघायला त्यांनी स्वतः शिकवलेले शेकडो डोळे. मागच्या दारापासून व्यासपीठापर्यंत उतरत्या पायऱ्यांची लांब वाट. त्या वाटेवर सगळं उघडं पडणार. "मला शेवटचा तास शिकवायचाय गं. शेवटचा पेशंट व्हायचं नाहीये." टकटकनं त्यांना निवृत्तीनंतरही बुधवारचा तास चालू ठेवायची गळ घातली होती. त्याला ते शनिवारीच नाही म्हणणार होते. "काही महिन्यांत हात कापायला लागेल. मग पोरं पेशंटकडे बघतील की माझ्याकडे? त्यापेक्षा आत्ताच बंद केलेला बरा."

तास बंद म्हणजे बाबा बंद. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"घेऊन जा," मी म्हटलं. "पण दूध पाजून झाल्याशिवाय नाही. आणि तिनं ओकून टाय खराब केला तर माझी जबाबदारी नाही."

शनिवारी बाबांनी नवा कोट घातला. दार बंद करून घातला, आणि आतून बराच वेळ धडपडीचा आवाज येत राहिला. आई बाहेर घड्याळ बघत होती. "निवृत्त व्हायच्या दिवशी नटायला सुचलंय," ती म्हणाली. गुंडाबाईंना मी फुलाफुलांचं टोपडं घातलं. ते त्यांनी गाडीतच काढून खिडकीबाहेर फेकलं.

हॉल गच्च होता. मी आणि आई पहिल्या रांगेत. मागचं दार उघडलं आणि बाबा आले. डाव्या कडेवर नात, उजवा हात ऐटीत हलतोय. आधी हशा आला, मग टाळ्या. पायरी पायरी उतरत ते खाली आले. लबाडी इतकी सफाईदार होती, की मला माझ्या वडिलांचा अभिमान वाटला. व्यासपीठावर पोचल्यावर ते खरं तर तिला परत देणार होते, पण टाळ्या थांबेनात आणि गुंडाबाईंनी तोवर माइक तोंडात घातला होता. पहिली दहा मिनिटं बाबा मज्जातंतूंबद्दल बोलले आणि नात माइक चोखत राहिली. लोक म्हणाले, सरांचं इतकं रसाळ व्याख्यान कधी ऐकलं नव्हतं.

पण भूक ही भूक असते. तिनं तोंड वाकडं केलं, मग लाल केलं, मग असा टाहो फोडला, की स्पीकरही दचकले. मी धावत वर गेले. तिला घेताना बाबा माझ्या कानाशी कुजबुजले, "दोन मिनिटांत पाजून परत आण."

"बाबा, ती काय मोटार आहे?"

मी तिला घेऊन बाजूच्या पडद्याआड बसले. तिथून मला सगळं दिसत होतं.

बाबांनी व्याख्यान संपवलं. मग चष्मा पुसला आणि बुधवारचा तास बंद करत असल्याचं सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज झाली. टकटक उभी राहिली. "का, सर?"

"कारण मी म्हणतो म्हणून."

"तुम्ही आम्हाला असलं उत्तर कधी देऊ दिलं नाहीत."

"म्हणूनच स्वतःसाठी राखून ठेवलं होतं," बाबा म्हणाले. त्यांनी पडद्याकडे एक केविलवाणा कटाक्ष टाकला. गुंडाबाई दूध पिता पिता झोपल्या होत्या. मी मान हलवली. नाही. झोपलेलं मूल उठवायला मी तयार नव्हते, साक्षात मेंदूशास्त्रासाठीसुद्धा.

मग बाबांनी कागद गोळा केले आणि मोकळ्या हातांनी पायऱ्या चढायला सुरुवात केली.

उजवा हात हलत होता. डावा अंगाला चिकटवल्यासारखा. पावलं लहान. चेहरा ताठ. आणि मग मी हॉलकडे पाहिलं. एकही माणूस बाबांकडे बघत नव्हता. एक जण बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या बुटाला नाडी नव्हती. दोघं छतावरचा पंखा निरखत होते. टकटक स्वतःच्या पर्समध्ये डोकं घालून बसली होती. बदक डीन खोटं खोटं शिंकत होते. सगळ्यांनी ठरवून नजर फिरवली होती. कॉरिडॉरमध्ये सरांना रोज येताजाता पाहणाऱ्यांना हे केव्हाच कळलं होतं, आणि सरांचा शेवटचा दिवस सुखाचा जावा म्हणून त्यांनी हा कट केला होता.

बाबा अर्ध्या वाटेवर थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"इकडे बघा!" ते ओरडले. माझ्या मांडीवर गुंडाबाई दचकल्या, पण उठल्या नाहीत. "सगळ्यांनी इकडे बघा! आयुष्यभर तुम्हाला बघायला शिकवलं मी. आणि समोरून पेशंट चाललाय तर तुम्ही पंखे मोजताय?"

बाबा पुन्हा खाली उतरले, वळले, आणि परत चढायला लागले. ह्या वेळी हॉल बघत होता. पहिल्या वर्षाची एक बारकी मुलगी कडेला बसली होती. तिच्यापाशी ते थांबले.

"बोल. काय दिसलं?"

"डावा हात... हलत नाही, सर."

"पुढे."

"पावलं लहान आहेत. चेहऱ्यावर भाव नाहीत. आवाज... आता सोडून... हळू असतो."

"म्हणून?"

मुलगी रडायलाच लागली. "कंपवात, सर."

"अगं, रडतेस काय? शंभर टक्के बरोबर आहे!" बाबांचा चेहरा आनंदानं फुलला. स्वतःच्या आजाराचं इतकं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "काय हो, मंडळी? कुणाला शंका?"

शेकडो माना खाली गेल्या. सगळ्या सहमत.

"मला आहे," पहिल्या रांगेतून आवाज आला.

आई उठली होती. त्याच फौजदारी चालीनं ती बाबांपाशी पोचली. बाकीच्यांसारखा तिचा चेहरा दुःखी नव्हता. ती भयंकर चिडलेली होती. मला वाटतं तिला एकाच मिनिटात दोन गोष्टी कळल्या होत्या: नवऱ्याला काहीतरी होतंय, आणि ते तिच्याशिवाय सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"इतके जण बसलाय," ती म्हणाली, "कुणी हात लावून पाहिलाय का ह्यांना?"



"मॅडम, चालीवरून स्पष्टच..." टकटक म्हणाली.

"तू गप्प बस गं बाई. आणि अहो, तुम्ही कोट काढा."

"अगं, इथे? लोकांसमोर?"

"लोकांसमोरच आजारी पडलात ना? काढा."

कोट काढताना बाबांच्या तोंडून "स्स्" निघालं. आईनं त्यांचं डावं कोपर कमरेशी धरलं, दुसऱ्या हातानं मनगट पकडलं आणि हात हळूच बाहेरच्या बाजूला फिरवला.

"आई गं!"

माइक दूर होता, तरी मागच्या रांगेपर्यंत गेलं.

"मेंदूनं आखडलेला हात ताठ असतो," आई हॉलकडे वळून म्हणाली, बाबांचा हात न सोडता. "पण सावकाश फिरवला की नेऊ तिकडे जातो. हा बघा, हा जातच नाही. मी ओढला तरी जात नाही. पुन्हा दाखवू?"

"नको!" बाबा म्हणाले.

"खांदा आखडलाय ह्यांचा. साधा, सरळ, हाडांच्या ओपीडीतला खांदा."

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "माझ्या तिसऱ्या प्रकरणात..."

"तिसरं प्रकरण बाजूला ठेवा. गुंडाबाई झोपतात कुणाच्या हातावर?"

बाबांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"तासन्‌तास. कुठल्या हातावर?"

"डाव्या," बाबा म्हणाले. "उजव्या हातानं पुस्तकाची पानं उलटावी लागतात."

"चेहरा लाकडी का करता?"

"मी हसलो की ती उठते."

"आवाज?"

"अगं, ती झोपलेली असते ना!"

"आणि पावलं?"

"त्या पॅसेजमधली फळी वाजते. पाय अलगद टाकावे लागतात. मग सवयच..." बाबा बोलता बोलता थांबले. त्यांचा तो जगप्रसिद्ध मेंदू स्वतःचंच वाक्य परत वाचत असावा. "पण वास? कॉफीचा वास येत नाही त्याचं काय?"

"नातीची सर्दी घेतलीत. रात्रभर घोरताय. झोप धड नाही ती त्यानं. मला विचारलंत कधी?"

आधी कुठूनतरी एक फिसकन आवाज आला. मग सगळा हॉल फुटला. नाडी नसलेला माणूस तर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. पण टकटक हसली नाही. ती खाली आली आणि तिनं व्यासपीठाशी ठेवलेली ती बुधवारची लाकडी खुर्ची पुढे ओढली. "बसा, सर."

"काय गरज आहे?"

"सर, बसा. मला खात्री करायचीय."

तेव्हा हसणं थांबलं. तिनं त्यांना बोटं चिमटीसारखी उघडझाप करायला लावली, एका हातानं मूठ वळवायला सांगून दुसरं मनगट फिरवून पाहिलं, उभं करून मागून खांद्यांना हिसका दिला. तिनं ते सगळं सावकाश केलं, अगदी बाबा करतात तसं. तेवढा वेळ आईनं स्वतःच्या पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरला होता. तिचं निदान बरोबर होतं हे तिला माहीत होतं. तरी धरला होता.

"सर, डावा हात जरा हळू चालतो," टकटक शेवटी म्हणाली.

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"उजव्या हातानं लिहिणाऱ्याचा चालतोच. हे तुम्हीच शिकवलंत. तुम्हाला काहीही झालेलं नाही. आज माझ्या तासाला बसला असतात तर मी तुम्हाला नापास केलं असतं." मग तिचा आवाज थोडा घसरला. "आणि आम्हा सगळ्यांनाही."

बाबा खुर्चीत बसून राहिले. मला वाटलं, ते सुटकेचा निःश्वास टाकतील, आईचा हात धरतील, काहीतरी. त्यांनी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "फौजदार, तुम्ही दारातून बघूनच ओळखलंत?"

"छे. दारातून मलाही तेच वाटलं," आई म्हणाली. "म्हणून तर जवळ आले."

त्यावर बाबांनी चक्क मान डोलावली. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, आणि साक्षीदार म्हणून फक्त शेकडो न्यूरॉलॉजिस्ट होते.

बुधवारचा तास चालू राहिला. आईनं एक अट घातली: पेशंट खुर्चीत बसला, की पुढचा अर्धा तास तिचा. "पोरांना हात लावायला शिकवते," ती म्हणाली. पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत तिसऱ्या प्रकरणाखाली एक टीप येणार आहे. ती टीप आई लिहिते आहे आणि सध्या ती मूळ प्रकरणापेक्षा लांब झाली आहे.

आणि व्यायाम. रोज सकाळी पॅसेजमधल्या भिंतीला तोंड करून बाबा उभे राहतात आणि डाव्या हाताची बोटं कोळ्यासारखी भिंतीवरून वर चढवतात. आई शेजारी उभी.

"आणखी वर."

"आई गं!"

"तिला कशाला हाक मारता? मला मारा. आणखी वर."

प्रत्येक "आई गं"ला गुंडाबाई खदखदून हसतात. त्यांना सध्या उजव्या हातावर घ्यायचा हुकूम आहे, पण व्यायामाच्या वेळी त्या जमिनीवर आजोबांच्या पायाशी असतात.

आज मी दारात उभी होते, एका हातात वाटी, दुसऱ्यात चमचा. भिंतीपाशी भांडण जोरात होतं; कालच्यापेक्षा बोट पुढे गेलं की नाही ह्यावरून. गुंडाबाईंनी आजोबांची बोटं वर जाताना बघितली. मग स्वतःचे दोन्ही पंजे भिंतीला लावले, एक वर सरकवला, मग दुसरा, आणि ढुंगण उचलून उभ्या राहिल्या. इतकंच नव्हे. एक हात सोडला. मग दुसराही. डुलल्या. आणि माझ्या दिशेनं एक पाऊल टाकलं, मग धपकन बसल्या.

घरात चालीचे एवढे मोठे जाणकार दोन. दोघांचीही पाठ तिच्याकडे.

मी तिला चमचाभर खिमट भरवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. उद्या त्यांना स्वतःच दिसेल. तोवर ती चाल माझ्या एकटीची आहे. तिला नावही मीच ठेवणार.